टीव्हीवरचा हशा आणि रोजची धार

या पानावर आपण खोडव्याविषयी बोलतो, हुमणीविषयी बोलतो, द्राक्षावरच्या डाऊनीविषयी बोलतो. आज मात्र एका नटाविषयी लिहिणार आहे. "विस्तार अधिकाऱ्याला नाटक-सिनेमा कशाला सुचतोय, आधी आमच्या पीकविम्याचं बघा म्हणावं," असे कोणी म्हणाले तर ते रास्तच आहे. पण गावोगाव फिरताना गेल्या काही वर्षांत जे कानावर येते आहे, त्याचा संबंध पीकविम्याइतकाच घराच्या पोटापाण्याशी आहे. म्हणून हा प्रपंच.

गोष्ट अशी. वाळवा घ्या, तासगाव घ्या, खटाव घ्या नाहीतर कोरेगाव घ्या, लोकांना हसवता येणारे एक तरी पोरगे गावात असतेच. पूर्वी ते गणपतीच्या नाटकात नाहीतर यात्रेच्या वगात दिसायचे आणि दुसऱ्या दिवशी खुरपे घेऊन रानात जायचे. आता त्याच्या हातात मोबाईल आहे. ते सासूची नक्कल करते, सरपंचांची करते, आमच्या खात्याच्या माणसांचीही करते, आणि झकास करते. चार हजार लोकांनी बघितले की त्याला वाटते, आता मुंबई गाठावी, टीव्हीवर जावे, हातात माईक घेऊन कार्यक्रम चालवावा. मग घरात धुसफूस सुरू होते. एका शेतकऱ्याने मला बांधावरच विचारले, "साहेब, पोरगं ऐकंना झालंय. रानाचा तुकडा काढून धाडू का त्याला मुंबईला?" दुसऱ्या गावात एका बापाने पोराचा मोबाईलच विहिरीत टाकला होता.

माझे म्हणणे असे, की विहीरही चूक आणि रान विकणेही चूक. का चूक, ते समजायला प्रशांत दामले या माणसाचे आयुष्य जरा नीट बघू या.

हा गडी कोण?

घरातल्या बायकामंडळींना दामले सांगायला नकोत. झी मराठीवर २००७ च्या सुमारास 'आम्ही सारे खवय्ये' सुरू झाले आणि दुपारच्या वेळी हा हसतमुख माणूस घराघरांत आला. कढईतल्या फोडणीकडे बघत गप्पा मारणारा, पाककृती सांगणाऱ्या ताईंना बोलते करणारा. पुढे त्या कार्यक्रमात दुसरे सूत्रसंचालकही आले, पण लोकांच्या डोक्यात पहिला बसला तो बसलाच.

आपल्या पोरांना दिसते ते एवढेच. माईक, दिवे, टाळ्या, गोड खाणे. ऊस तुटून कारखान्याला गेला की बिल दिसते. लागण, बाळबांधणी, रात्रीच्या विजेवर धरलेले पाणी कोणाला दिसत नाही. तसेच हे आहे.

दामले यांचा जन्म मुंबईचा, ५ एप्रिल १९६१ चा. ते मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरीला होते. बेस्ट म्हणजे तिथली बस आणि वीज चालवणारी संस्था. 'टूरटूर' हे पुरुषोत्तम बेर्डे यांचे नाटक १९८३ साली आले. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे नाव त्यातूनच झाले, आणि त्याच नाटकात दामलेही होते. पुढे विजय चव्हाण यांच्याबरोबर 'मोरूची मावशी', मग 'ब्रह्मचारी', 'गेला माधव कुणीकडे', 'एका लग्नाची गोष्ट', अशी एकामागून एक विनोदी नाटके झाली. पण नाटकात नाव होऊ लागले म्हणून त्यांनी नोकरी लगेच भिरकावून दिली नाही. नोकरी सांभाळून नाटक, अशी वर्षे काढली. विनोद म्हणजे वाऱ्यावरचे पीक, आणि त्याला नोकरीचा बांध होता. बांध असला की वळवाचा पाऊस कितीही जोरात आला तरी माती वाहून जात नाही.

साडेबारा हजारांचा हिशेब

आता खरा आकडा ऐका. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात दामले यांनी आपल्या कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. प्रयोग म्हणजे तेच नाटक, पण रोज नवे प्रेक्षक, आणि रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत उभे राहायचे.

'टूरटूर'पासून मोजले तर ही ३९ वर्षे होतात. १२,५०० ला ३९ ने भागा. वर्षाला ३२० प्रयोग येतात. वर्षाचे दिवस ३६५. १९९० च्या दशकात तर त्यांनी एका वर्षात साडेचारशेच्या वर प्रयोग केले होते; म्हणजे कित्येक दिवशी दोन-दोन, तीन-तीन.

तुमच्यापैकी ज्यांच्या दावणीला गाय-म्हैस आहे, त्यांना हा आकडा कशासारखा वाटला? मला तर सरळ धारेचा हिशेब दिसला. सकाळची धार, संध्याकाळची धार. घरात लग्न असो, मयत असो, अंगात ताप असो, पाऊस कोसळत असो, जनावराला सुट्टी कळत नाही. डेअरीची गाडी ठरल्या वेळेला येते आणि कॅन भरलेला लागतो. फॅट लागली नाही तर दर कापतात. प्रेक्षकही तसाच आहे. तिकीट काढून आलेला माणूस "आज नटाला बरं नाही का?" असे विचारत नाही. तो हसला तर हसला, नाहीतर दर कापला.

आपल्याकडे मात्र पोरांना आणि त्यांच्या आई-बापांनाही हा धंदा आल्यासारखा वाटतो. एका साली आल्याला दर लागला की पुढच्या साली सगळा सातारा आले लावतो, आणि मग दर पडला की डोक्याला हात. टीव्हीवर जाणे म्हणजे आल्याची तेजी नव्हे. तो दुधाचा धंदा आहे. रोज थोडे, ठरल्या वेळेला, न चुकता. ज्याला आल्याची तेजी हवी आहे त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला पहाटे उठायची सवय आहे त्याने जरूर जावे.

१९८३ ते २००७ ही २४ वर्षे मोजा. मधल्या काळात सिनेमे झाले, टीव्हीवरची कामेही झाली, पण हा माणूस टिकला तो रोजच्या प्रयोगाने. तो माईक हातात आला तेव्हा जमिनीत चोवीस वर्षांचे शेणखत पडलेले होते. मग पीक आले त्यात नवल काय?

माईक धरायचा म्हणजे काय?

सूत्रसंचालक म्हणजे बडबड्या, अशी एक समजूत आहे. 'खवय्ये'मध्ये बघा, बोलणे जास्त कोणाचे होते? पाककृती करणाऱ्या ताईंचे. यांनी फक्त वेळेवर प्रश्न टाकायचा: हे किती घ्यायचे, हे आधी का घातले, करपले तर काय करायचे. घरात बसलेल्या बाईच्या मनात जो प्रश्न आहे तो तिच्या आधी विचारायचा. आणि ताई कॅमेऱ्याला बिचकल्या तर एक विनोद करून त्यांना मोकळे करायचे, पण विनोद त्यांच्यावर करायचा नाही.

आमच्या खात्यानेही हे शिकण्यासारखे आहे. प्रात्यक्षिकाला शेतकरी बोलवायचा आणि आपणच तासभर बोलायचे, ही सवय जुनी आहे. ज्याने एकरी चांगला उतारा काढला त्याला पुढे करून योग्य प्रश्न विचारले तर मंडपातली माणसे पेंगत नाहीत. शेती आणि विनोद हे काही वैरी नव्हेत. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे यांच्या लोकनाट्यांतून हसवणारे राजा मयेकर पुढे दूरदर्शनच्या 'गप्पागोष्टी'त दिसू लागले, तेव्हा गावात ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर गर्दी व्हायची, असे जुनी माणसे सांगतात. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रमही त्याच दूरदर्शनचा.

घरचे काय?

नटाच्या आयुष्याचा हा भाग कोणी सांगत नाही. तुमची सुट्टी तो त्याच्या कामाचा दिवस. शनिवार-रविवार, दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या. लोक मोकळे असतात तेव्हाच नाटकाचे प्रयोग लागतात. वर्षाला ३२० प्रयोग करणारा माणूस किती संध्याकाळी घरी जेवला असेल, याचाही हिशेब करून बघा. पोरांचा अभ्यास, दुखणे-खुपणे, पै-पाहुणा हे कोणीतरी दुसऱ्याने ओढलेले असते. दामले पुढे नट होते ते निर्मातेही झाले, आणि त्यांच्या नाट्यसंस्थेला 'गौरी थिएटर्स' असे पत्नीचे नाव आहे. त्या नावात काय ते आले. आपल्या सातबाऱ्यावर किती जणांनी कारभारणीचे नाव लावले आहे, हे ज्याने त्याने मनाला विचारावे.

नट म्हणजे मजूर, निर्माता म्हणजे मालक. नुसता दुसऱ्याच्या रानात ऊस तोडत राहिला नाही, स्वतःचे गुऱ्हाळ टाकले. त्यात जोखीमही स्वतःची. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे नाट्यगृहांना कुलपे लागली. यात्रा बंद, तमाशाचे फड बंद, नाटकाच्या गाड्या जागेवर. त्या वेळी दामले यांनी आपल्या नाटकांच्या पडद्यामागच्या कामगारांना स्वतःहून पैसे दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. देता आले, कारण शिल्लक होती. ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती अशा कित्येक कलावंतांनी त्या दोन वर्षांत मिळेल ते काम केले. हसवणाऱ्याच्या घरी दुष्काळ पडला तर त्याचा पंचनामा करायला तलाठी येत नाही, हे पोरांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या मातीतले दाखले

कोणी म्हणेल, दामले पडले मुंबईचे, आमच्याकडे कुठली बेस्ट? मग आपल्याकडचे बघू.

खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीत जन्मलेले राजा गोसावी मराठी सिनेमाचे विनोदी नायक झाले. 'लाखाची गोष्ट' हा त्यांचा सिनेमा १९५२ साली आला, तेव्हा ते पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकायच्या नोकरीत होते. पडद्यावरचा नायक आणि खिडकीतला तिकीटवाला एकच माणूस! त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. १९९८ साली त्यांचे निधन झाले ते पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, प्रयोगासाठी रंगभूषा करत असताना. शेवटची धारही चुकवली नाही.

सातारा तालुक्यातल्या वेळेकामथीचे सयाजी शिंदे विनोदी नट नव्हेत, पण दाखला लागू पडतो. पाटबंधारे खात्यात ते वॉचमन होते, आणि नोकरी करत नाटक शिकले.

'चला हवा येऊ द्या'चे नीलेश साबळे तर पदवी घेतलेले आयुर्वेदाचे डॉक्टर. नकला करत करत 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' ही स्पर्धा जिंकले आणि मग सूत्रसंचालक झाले. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे त्यांनी तो कार्यक्रम नुसता चालवला नाही, तर त्याचे लेखन-दिग्दर्शनही बघितले. पण २०२५ साली तोच कार्यक्रम नव्याने सुरू झाला, तेव्हा माईक अभिजीत खांडकेकर यांच्या हातात होता. खुर्ची सरपंचाची असो की सूत्रसंचालकाची, ती कोणाच्या नावावर कायमची चढत नाही. हातात दुसरी विद्या असलेला माणूस ती सोडताना डगमगत नाही.

आता उलटा दाखला. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे आपले पठ्ठे बापूराव. घरचे कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले. लावणीचा एवढा मोठा शाहीर झाला नाही. पण १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तो हलाखीत. त्यांनी जायला नको होते, असे मी म्हणत नाही. ते गेले नसते तर मराठी भाषा गरीब राहिली असती. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या म्हातारपणाला आधार राहिला नाही, हेही तितकेच खरे. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ हवालदार होऊन उभे राहिले की अख्खी यात्रा पोट धरून हसायची. त्यांनी ती जत्रेची मैदाने उभ्या आयुष्यभर गाजवली, पण तमाशाच्या कलावंताला पेन्शन आणि फंड कुठून असणार? त्यांच्या काळात बांध घालायची सोय नव्हती. आज आहे, तर ती वापरा.

शंभर प्रयोगांची अट

तर आई-बापांना माझे सांगणे असे. पोराला अडवू नका, पण एक अट घाला. शंभर प्रयोग कर, मग मुंबईचे बोलू. प्रयोग म्हणजे मोबाईलपुढे एकट्याने बोलणे नव्हे. समोर जितीजागती माणसे हवीत. शाळेचे गॅदरिंग, गणपती, यात्रा, हळदी-कुंकू, सोसायटीची वार्षिक सभा, कुठेही. दुधाच्या पासबुकासारखी एक वही घाला. तारीख, गाव, किती माणसे, कुठे हसली, कुठे हसली नाहीत. दोन वर्षांत शंभर नोंदी झाल्या तर पोरगे पक्के आहे असे समजा. वीस नोंदींवर वही धूळ खात पडली तर मोबाईल विहिरीत टाकायची गरज नाही, ते आपोआप रानात येईल, आणि कोणावर राग न धरता येईल.

त्या दोन वर्षांत शिक्षण सोडायचे नाही. पदविका असो, आयटीआय असो, दोन म्हशी असोत की रोपवाटिका असो, पोटाचे एक साधन हातात पाहिजे. "आजकाल नोकऱ्या कुठं आहेत?" हे खरे आहे. म्हणूनच रान विकू नका म्हणतो. तुमच्याकडे बेस्टची नोकरी नाही, पण दीड एकर आहे. तोच त्याचा बांध.

आणि एक सावधगिरी. बियाणे घेताना आपण पावती घेतो, पिशवीवरचा टॅग आणि लॉट नंबर बघतो. टीव्हीत काम देतो म्हणून आधी पैसे मागणारा जो कोणी भेटेल, तो बोगस बियाणे विकणाराच समजा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा कमिटीच्या मंडळींनाही हात जोडून सांगणे आहे. बाहेरच्या ऑर्केस्ट्राला आपण हजारो रुपये मोजतो. त्यातला एक तास गावच्या पोरा-पोरींना द्या, आणि फुकट नको, नारळाबरोबर पाकिटही द्या. पोरींना मुद्दाम द्या. हसवणे ही काही फक्त पोरांची मिरास नाही. समाजमंदिर आठवड्यातून एक संध्याकाळ तालमीला उघडे ठेवा. वर्षातून एकदा त्यांना सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाहीतर साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात एक चांगले नाटक दाखवून आणा. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेचा अर्ज भरायला मदत करा. आणि आमच्या शेतीशाळेला यांच्यापैकी एकाला बोलवा. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर गोळा करायचे, हे मी सांगितले तर दहा जण ऐकतील. त्याने हुमणीची नक्कल करून सांगितले तर पन्नास ऐकतील. त्याच्या वहीत एक प्रयोग जमा, माझ्या डायरीत एक कार्यक्रम जमा, आणि उसाचे बुडखे वाचले ते वेगळेच.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे 'सीता स्वयंवर' केले. त्यांच्या नावाचे गौरव पदक सांगलीत दर वर्षी रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला देतात, आणि २०२३ साली ते प्रशांत दामले यांना मिळाले. पदक सांगलीचे, घेणारा मुंबईचा. ते एखाद्या दिवशी खटावच्या नाहीतर जतच्या शेतकऱ्याच्या पोराने किंवा पोरीने घ्यावे असे वाटत असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला ओरडू नका. "आज कोणापुढं केलंस? किती जण हसले?" एवढेच विचारा. आणि उत्तर आले की म्हणा, "बरं, वहीत लिही. आणि उठ आता, धारेची वेळ झाली."